ग्यानबाची मेख

'खुंटा हलवून बळकट करणे' हा वाक्प्रचार मी गेली वीस वर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. आपल्याच मुद्द्यावर आपणच शंका घ्यायची, तिला उत्तर द्यायचे आणि मुद्दा अधिक पक्का करायचा, असा त्याचा अर्थ. संस्कृत पंडित यालाच 'स्थूणानिखननन्याय' म्हणतात, हे सांगताना माझा आवाज जरा चढत असे, आणि पुढच्या बाकावरच्या मुली ते लांबलचक नाव वहीत उतरवून घेत. पण खरा खुंटा मी जन्मात कधी ठोकला नव्हता. तो योग २०१९ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत आला, आणि तेव्हापासून हा वाक्प्रचार शिकवताना माझा आवाज चढत नाही.

त्याचे असे झाले. मराठीच्या प्राध्यापकाला काम कमी असते, या समजुतीने आमच्या कॉलेजच्या गिर्यारोहण मंडळाची जबाबदारी माझ्या गळ्यात पडलेली आहे. त्या वर्षी आठ विद्यार्थी, एक सहकारी बाई आणि मी असे रतनगडला निघालो होतो. मुक्काम पायथ्याच्या रतनवाडीत, अमृतेश्वराच्या त्या सुंदर जुन्या देवळापासून थोड्या अंतरावर, तंबू ठोकून करायचा होता. सारे सामान पाठीवर. तेव्हा वजन कमी करण्याचा विडा मी उचलला.

स्वयंपाकघरातला लहान तराजू घेऊन मी बसलो. आमच्या एका तंबूला दहा मेखा लागतात. जुन्या लोखंडी मेखा तीस ग्रॅमच्या, म्हणजे एका तंबूच्या तीनशे ग्रॅम झाल्या. दुकानदाराने मला टायटॅनियमच्या मेखा दाखवल्या. सायकलच्या तारेएवढ्या बारीक, वर आकडा वळवलेला, आणि एकीचे वजन अवघे सहा ग्रॅम! "सर, विमानाचा धातू आहे," असे तो म्हणाला. मी लगेच हिशेब केला, की एका तंबूमागे दोनशे चाळीस ग्रॅम वाचले. हा विजय मी घरात जाहीर केला, तेव्हा आमची मंडळी चकल्या, शंकरपाळे आणि बेसनाचे लाडू डब्यात भरत होती.

"अहो, हा डबा दोन किलोंचा आहे," ती म्हणाली. "तो तेवढा सोडून बाकी सगळं तोलताय तुम्ही!"

फराळाचे वजन माणूस आनंदाने वाहतो, असे काहीसे उत्तर मी दिले.

त्या वर्षी दिवाळी आली तरी पाऊस हटायला तयार नव्हता. अरबी समुद्रात वादळ उठले होते आणि उभी पिके भिजत होती, हे अनेकांना आठवत असेल. आम्ही पोहोचलो त्या दिवशी मात्र आभाळ उघडले होते. भात कापून मोकळ्या झालेल्या एका खाचरात तंबू ठोकायला मालकाने परवानगी दिली. मेखा बोटाने दाबल्या तरी जमिनीत जात होत्या. मला कौतुक वाटले ते मेखांचे. जमिनीकडे मी पाहिलेच नाही.

संध्याकाळी मालक आपल्या बैलांसाठी खुंटा ठोकत होता. चार घाव घातले, मग दोन्ही हातांनी खुंटा गदागदा हलवला, भोवतीची माती पायाने दाबली, पुन्हा दोन घाव घातले आणि पुन्हा हलवला. मी विद्यार्थ्यांना हाक मारून म्हणालो, "पाहा, हाच तो स्थूणानिखननन्याय!" म्हातारा हसला. आमच्या तंबूपाशी येऊन त्याने एक मेख दोन बोटांत धरली आणि लोण्यातून केस काढावा तशी उपटून माझ्या हातावर ठेवली.

"गुरुजी, ह्या सुया कशाला आणल्या? गोधडी शिवायची हाय का?"

मुले हसली. मीही हसलो, आणि मेख पुन्हा होती त्याच भोकात खोचून टाकली.

रात्री दोनच्या सुमारास वारा उठला आणि मागोमाग पाऊस आला. पहिल्याच दोन झोतांत मुलींच्या तंबूचे वरचे कापड सुटले. आकड्यावरून दोरी घसरू नये म्हणून आम्ही तिला गाठ मारली होती, त्यामुळे उपटलेली मेख दोरीच्या टोकाला तशीच राहिली आणि गोफणीतल्या दगडासारखी गरगर फिरू लागली. तंबू सावरायला बाहेर आलेल्या एका मुलीच्या भुवईवर ती बसली. बॅटरीच्या उजेडात मी तिचा चेहरा पाहिला. एक बाजू रक्ताने भरलेली. डोळा वाचला होता, पण तो बोटभर अंतराने.

खाचराचा मालक भिजत आला आणि आम्हा सगळ्यांना आपल्या घरात घेऊन गेला. त्याचे स्वतःचे कापलेले भात त्या पावसात भिजत होते, तरी त्याविषयी तो चकार शब्द बोलला नाही. पहाटे जीप करून आम्ही मुलीला अकोल्याला डॉक्टरांकडे नेले. तीन टाके पडले. मग मी तिच्या वडिलांना फोन केला. निघताना ते मला म्हणाले होते, "तुमच्या भरवशावर पाठवतोय." माझे बोलणे ऐकून ते थोडा वेळ गप्प राहिले. ते रागावले असते तर मला बरे वाटले असते.

घरी परतल्यावर मी हा विषय एखाद्या प्रबंधासारखा अभ्यासला, आणि त्यातली ग्यानबाची मेख मला सापडली. टायटॅनियम हा ॲल्युमिनियमपेक्षा हलका धातू नाही. तेवढ्याच आकाराचा तुकडा घेतला तर तो दीडपटीहून अधिक जड भरतो. पण तो मजबूत असल्यामुळे त्याची मेख बारीक करता येते, म्हणून ती वजनाला हलकी. आता पाहा, मऊ मातीत मेख टिकते ती धातूच्या जोरावर टिकत नाही. ती आपल्या अंगाने किती माती अडवते, यावर सारी भिस्त असते. जी बारीक म्हणून हलकी, तीच बारीक म्हणून कुचकामी! हीच मेख मुरमाड, दगडगोट्यांच्या जमिनीत मात्र गुणी ठरते. दोन दगडांच्या फटीतून वाट काढते आणि सहसा मोडत नाही.

मऊ जमिनीसाठी तीन पाकळ्यांची ॲल्युमिनियमची मेख घ्यावी. वीतभर लांब असूनही ती साधारण चौदा ग्रॅम भरते, आणि तीन पाकळ्यांमुळे मातीला घट्ट धरून बसते. मात्र दगडाने आडवेतिडवे ठोकले तर तिचे डोके चेपते. गडमाथ्यावरच्या कातळात कोणतीच मेख शिरत नाही. तिथे दोरी लहान धोंड्याला बांधून त्याच्या पुढे, तंबूच्या बाजूला, मोठा धोंडा ठेवावा. कोकणच्या पुळणीवर दोरी काटकीच्या मध्याला बांधून काटकी आडवी पुरावी. मेख कोणतीही असो, तिचे डोके तंबूपासून दूर कललेले असावे आणि दोरी अगदी जमिनीलगत बसावी. दोरी वर राहिली की मेख पहारीसारखी उचकटते.

आपल्या पूर्वजांना ही विद्या चांगली ठाऊक असावी. १६८९ साली संताजी घोरपड्यांनी औरंगजेबाच्या छावणीवर छापा घालून बादशाही डेऱ्याचे सोन्याचे कळस कापून नेले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. कळस सर्वांच्या लक्षात राहतात. पण त्याआधी तणावे तोडून डेरा खाली आणला, असेही सांगतात. डेऱ्याचा जीव कळसात नसतो, हे त्या वीरांनी नेमके हेरले होते.

हल्ली मी एका तंबूला तीन पाकळ्यांच्या सहा मेखा आणि बारीक चार, असा जोड नेतो. एकूण वजन एकशे आठ ग्रॅम. त्या रात्रीच्या मेखांपेक्षा अठ्ठेचाळीस ग्रॅम जास्त, म्हणजे बेसनाचा एक लाडू. एका लाडवाच्या वजनासाठी मी दुसऱ्याच्या मुलीचा डोळा पणाला लावला होता, हे मात्र कोणत्याही तराजूत तोलता येत नाही.

२०२०च्या जानेवारीत आम्ही पुन्हा निघालो, तेव्हा यादीत तिचे नाव पाहून मी चकित झालो. घरून परवानगी होती. संध्याकाळी तंबू उभे राहिल्यावर ती एकेका मेखेपाशी वाकून ती हलवून पाहू लागली. माझ्या तंबूपाशी मात्र थांबली.

"सर, ही सैल आहे."

भुवईवरचा व्रण अजून ताजा दिसत होता. मी मुकाट्याने दगड उचलला आणि मेख पुन्हा ठोकू लागलो.