चॉकलेट सिस्ट आणि दोन छातीठोक उत्तरं

मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे हे रस्ते नाशिकमध्ये द्वारका चौकात एकत्र येतात. सिन्नर, निफाड, ओझरहून आलेल्या बायका इथे उतरतात आणि रिक्षा करून शहरातल्या दवाखान्यांकडे निघतात. हातात कॅरीबॅग, तीत सोनोग्राफीच्या फिल्मा. एखादीच्या रिपोर्टात डाव्या अंडाशयात ‘चॉकलेट सिस्ट’ लिहिलेली असते. म्हणजे एंडोमेट्रिओसिसची (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर वाढण्याच्या आजाराची), जुन्या रक्ताने भरलेली गाठ. पाळीत वर्षानुवर्षं लोळायला लावणारं दुखणं एकदाचं कागदावर आलेलं असतं, पण घरात त्याची चर्चा होते ती एकाच अंगाने: मूल होईल ना?

यावर दोन उत्तरं हमखास मिळतात, आणि दोन्ही छातीठोकपणे. पहिलं, ‘दुर्बिणीतून गाठ काढून टाका, लगेच दिवस राहतील.’ दुसरं, ‘अंडाशयाला हात लावू देऊ नका, स्त्रीबीजं संपतील, थेट टेस्ट ट्यूब करा.’ सासूबाईंचं तिसरं उत्तर असतं, एक मूल झालं की आपोआप बरं होतं. त्याचा निकाल एका वाक्यात लागतो: गरोदरपणात पाळी थांबते म्हणून त्रास कमी वाटू शकतो, पण आजार तिथेच राहतो.

पहिल्या पक्षाकडे पुरावा आहे, हे आधी मान्य करू. 1997 साली कॅनडातल्या एका चाचणीत सौम्य एंडोमेट्रिओसिस असलेल्या आणि मूल होत नसलेल्या 341 स्त्रिया घेतल्या. काहींच्या पोटात दुर्बीण घालून फक्त पाहिलं, काहींचे आजाराचे डाग तिथल्या तिथे काढले किंवा जाळले. 36 आठवडे पाठपुरावा केला. वीस आठवड्यांपुढे टिकलेल्या गर्भधारणेचं प्रमाण फक्त पाहिलेल्यांत सुमारे 18 टक्के, शस्त्रक्रिया झालेल्यांत सुमारे 31 टक्के निघालं. फरक मोठा आहे. पण याच आकड्यांचा अर्थ असाही होतो की ऑपरेशन होऊनही दहातल्या जवळपास सात जणींना त्या काळात यश आलं नाही. शिवाय पुढे इटलीतल्या एका लहान चाचणीत हा फायदा दिसलाच नाही. आणि कॅनडातल्या बायकांचा आजार सौम्य होता. तो आकडा चार सेंटिमीटरच्या चॉकलेट सिस्टला चिकटवणं म्हणजे एकाचं औषध दुसऱ्याला देणं.

कारण अंडाशयाची गोष्टच निराळी आहे. या गाठीला बोराच्या बीसारखं सुटं कवच नसतं. गाठ फोडली की घट्ट तपकिरी रक्त बाहेर येतं. ते शोषून घेतलं की आतली भिंत दोन चिमट्यांनी विरुद्ध दिशांना ओढत सोलावी लागते. भिंत अंडाशयाला इतकी चिकटलेली असते की तिच्याबरोबर निरोगी पेशीही निघतात, आणि कोवळी स्त्रीबीजं नेमकी त्याच थरात असतात. मग तळातून, रक्तवाहिन्या शिरतात तिथून, रक्त येऊ लागतं. ते थांबवायला विजेचा चटका दिला तर उरलेला साठाही होरपळतो. टाका घालून थांबवलं तर नुकसान कमी होतं. घाईतला एक चटका आणि संयमाचा एक टाका, यात कुणाच्या तरी भविष्याचा फरक असतो. डिस्चार्ज कार्डावर मात्र दोन्हींची नोंद एकच: ‘सिस्टेक्टॉमी केली.’

दुसऱ्या पक्षाचं बळ इथेच आहे. स्त्रीबीजांच्या साठ्याचा अंदाज देणारं एएमएच या संप्रेरकाचं रक्तातलं प्रमाण गाठ काढल्यावर सरासरी 38 टक्क्यांनी घसरतं, असं अनेक अभ्यास एकत्र करून 2012 साली मांडलं गेलं. दोन्ही बाजूंच्या गाठी काढल्या तर क्वचित अंडाशय अकाली थकतात. ऑपरेशनविषयी लोकांच्या मनात धास्ती आहे आणि आपल्या राज्याने ती कमावलेली आहे. बीडच्या ऊसतोड महिलांच्या 2019 च्या सर्वेक्षणात 82,309 जणींपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. कारणं वेगळी होती, पण पोटावर सुरी चालवायची घाई तीच.

तरीही ‘हात लावूच नका’ हे खरं नाही. गाठ नुसती राहिली तरी साठा झिजवू शकते. एएमएच कमी म्हणजे दिवस राहणारच नाहीत, असंही नाही. तो आकडा संख्या सांगतो, दर्जा नाही. फक्त सुईने गाठ रिकामी केली तर ती बहुधा पुन्हा भरते; रिकामी करून भिंत जाळलेल्यांपेक्षा सोलून काढलेल्यांत नैसर्गिक गर्भधारणा जास्त दिसते. शिवाय ज्या बाईला दुखण्यामुळे संबंधच सहन होत नाहीत, तिला ‘ऑपरेशन नको, प्रयत्न करत राहा’ हा सल्ला कशाच्या जोरावर द्यायचा?

माझं म्हणणं असं की ऑपरेशन मूल देत नाही आणि हिरावूनही घेत नाही. पहिलं ऑपरेशन कधी, कशासाठी आणि कुठवर करायचं, यावर सगळं ठरतं. पहिलं, कारण दुसऱ्या वेळी त्याच अंडाशयावर हात टाकणं जास्त महागात पडतं. म्हणून एएमएच आधी तपासायला हवं, नंतर पश्चात्तापासाठी नव्हे. नवऱ्याची वीर्यतपासणीही आधीच. ती स्वस्त आहे, तिला भूल लागत नाही, आणि तरी कित्येक घरांत बायकोचं पोट उघडून झाल्यावर तिची आठवण होते. हे मला वैद्यकापेक्षा घराण्याच्या अहंकाराचं प्रकरण वाटतं. टेस्ट ट्यूबच करायचं ठरलं असेल तर केवळ त्यासाठी गाठ काढू नये, असं युरोपातल्या प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेची 2022 ची मार्गदर्शिका सांगते. यश वाढत नाही, साठा मात्र घटतो. वेदना असह्य असेल, किंवा गाठीविषयी शंका असेल, तर गोष्ट वेगळी.

ऑपरेशन झाल्यावरही एक काम उरतं. वय, किती वर्षं मूल नाही, पूर्वी दिवस राहिले होते का, आणि ऑपरेशन संपताना नळ्या व अंडाशय कसे दिसले, यावरून नैसर्गिक गर्भधारणेच्या शक्यतेला शून्य ते दहा गुण देण्याची पद्धत 2010 पासून आहे. गुण चांगले असतील तर काही महिने नैसर्गिक वाट पाहता येते. कमी असतील तर वेळ न घालवता टेस्ट ट्यूबकडे वळावं. हे गुण कार्डावर लिहायला दोन मिनिटं लागतात. पेशंटने ते मागावेत, हक्काने.

लग्न न झालेल्या मुलीच्या दोन्ही अंडाशयांत गाठी निघाल्या की आई पहिल्यांदा म्हणते, ‘बाहेर कळता कामा नये, स्थळं येणार नाहीत.’ 2021 च्या सहाय्यक प्रजनन कायद्याने एकवीस वर्षांवरची अविवाहित स्त्रीही टेस्ट ट्यूबच्या केंद्रात उपचार घेऊ शकते. ऑपरेशनआधी स्त्रीबीजं गोठवून ठेवण्याची वाट तिला खुली आहे. खर्च मोठा आहे, खात्री नाही, सगळ्यांना परवडणारही नाही. पण ही वाट आहे एवढं तरी तिला भूल देण्याआधी सांगायला हवं, आणि ते आईला बाहेर बसवून, तिला एकटीला.