कलापूरचा कोरडा अभिमान

कोल्हापुरास ‘कलापूर’ म्हणण्याची चाल आतां इतकी रूढ झाली आहे, कीं तें नांव घेतांना कोणी क्षणभर थांबून विचार करीत नाहीं. समारंभांत अध्यक्ष तो शब्द उच्चारतात, श्रोते टाळ्या वाजवितात आणि मंडळी समाधानानें घरीं जातात. घरीं जातांना त्यांच्या पायांत काय असतें, तें मात्र कोणी पाहूं नये! आमची तक्रार या अभिमानाविरुद्ध आहे. ज्या कलेचा रोजच्या जीवनांत रसिकतेनें उपभोग घेतला जात नाहीं, तिचा अभिमान कोरडा होय. आणि असा कोरडा अभिमान कलेस उदासीनतेहूनहि अधिक मारक ठरतो. उदासीन मनुष्य निदान आपण कांहीं केलें अशा भ्रमांत तरी राहत नाहीं.

चित्रकारानें गुजरीच्या दुकानांत कोल्हापुरी साज न्याहाळीत उभें राहावें, गंगावेशीच्या कुंभारवाड्यांत तासचे तास घालवावे, मिसळीचा कट कोठें अधिक जमतो याचा तावातावानें वाद घालावा, हें पाहून कित्येक गंभीर टीकाकारांच्या कपाळीं आठ्या पडतात. कला ही तपश्चर्या आहे, तेथें ही बाजारांतली चैन कशाला, असा त्यांचा सवाल असतो. या टीकाकारांनीं डोळा कशावर पोसतो याचा कधीं विचार केलेला दिसत नाहीं. उपाशी ठेवल्यानें डोळा तीक्ष्ण होत नाहीं. तो केवळ पुस्तकी होतो. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकून आबालाल रहिमान कोल्हापुरास परतले, आणि १९३१ सालीं मृत्यु येईपर्यंत रंकाळ्याचें व कोटितीर्थाचें पाणी हाच त्यांच्या रंगांचा मोठा विषय राहिला. बाबुराव पेंटर (१८९०–१९५४) यांस तर कोणत्याहि कलाशाळेचें शिक्षण मिळालें नव्हतें. घरांत सुतारकाम, लोहारकाम आणि मूर्तिकाम चाले. नाटकांचे पडदे रंगवितां रंगवितां हात तयार झाला. त्याच हातांनीं पुढें कॅमेरा जुळविला आणि १९२० सालीं ‘सैरंध्री’ पडद्यावर आणली. या दोघांच्या डोळ्यांस या गांवानेंच खाऊं घातलें होतें.

आणि गांव काय खाऊं घालतें, तें तरी पाहा. साजाच्या एका सरांत चंद्र, बेलपान, शंख, कासव, भुंगा हे सारे आकार नखाएवढ्या जागेंत बसविलेले असतात. थोडक्यांत पुष्कळ सांगावें कसें, याचा तो वस्तुपाठच होय. अस्सल कोल्हापुरी वहाणेंत खिळा नसतो. झाडांच्या सालीनें व हिरड्यानें कमावलेलें कातडें चामड्याच्याच वादीनें शिवलेलें असतें. ती कपाटांत ठेवून समजत नाहीं. चार महिने घालावी, तेव्हां ती पायाचा आकार घेते आणि मग साहित्य व उपयोग यांचें नातें पायांसच कळतें. तांबड्या रश्श्याशेजारीं पांढरा रस्सा वाढणाऱ्यास विरोधी रंगांचें मर्म कोणी शाळेंत शिकविलेलें नसतें. परंतु जेवणाऱ्या चित्रकारास तें त्या ताटांत शिकतां येतें. याला चैन म्हणावयाचें असेल तर खुशाल म्हणावें. आम्ही याला अभ्यास म्हणतों.

दुसरा वर्ग वारसा जतन करूं इच्छिणाऱ्यांचा. यांचा हेतु शुद्ध आहे, पण उपाय अपुरा आहे. २०१९ सालीं कोल्हापुरी चपलेस भौगोलिक मानांकन मिळालें. महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे त्यांत आले. उत्तम झालें. जून २०२५ मध्यें मिलान येथें प्राडा या इटालियन कंपनीनें त्याच धाटणीचीं पादत्राणें मांडलीं आणि प्रारंभीं कोल्हापूरचा उल्लेखहि केला नाहीं. मोठा गहजब झाला. पुढें कंपनीनें भारतीय कारागिरीचें ऋण मान्य केलें. त्या वेळचा संताप अनाठायीं होता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु संतापलेल्यांपैकीं कितीजणांच्या पायांत कारखान्यांतलीं रबरी पादत्राणें होतीं, हा प्रश्न कोणी कोणास विचारला नाहीं. मानांकन नांवाचें रक्षण करतें. दुकानाच्या पायरीवर गिऱ्हाईक आणून बसविणें त्यास साधत नाहीं. कारागिराच्या मुलानें बापाचा धंदा सोडूं नये, असें सांगणाऱ्या गृहस्थांनीं त्या दुकानांत आपण शेवटचे केव्हां गेलों होतों, तें आधीं आठवावें.

आमच्या म्हणण्यावर एक आक्षेप मात्र वजनदार आहे. पिढ्यानुपिढ्या लोकांनीं ती वहाण मिरविली आणि ती घडविणाऱ्यास उंबऱ्याबाहेर उभें केलें. मग उपभोगाचें कौतुक तें काय सांगतां? आक्षेप खरा आहे आणि तो पचवूनच पुढें गेलें पाहिजे. वस्तु घ्यावयाची आणि हात नाकारावयाचा, ही रसिकता नव्हे. ती लूट होय. खरी रसिकता माणसापर्यंत पोंचते, आणि याचें उदाहरणहि याच नगरींत आहे. शाहू महाराजांच्या प्रोत्साहनानें गंगाराम कांबळे यांनीं कोल्हापुरांत चहाचें दुकान काढलें. अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या दुकानांत पाऊल कोण ठेवणार? महाराज स्वतः तेथें जाऊन चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींसहि घ्यावयास लावीत. अस्पृश्यतेवर व्याख्यान देणें त्यांस अवघड नव्हतें. पण दुकान व्याख्यानावर चालत नाहीं, तें पेल्यावर चालतें, हें त्यांनीं ओळखलें होतें.

म्हणून चित्रकारांस, लेखकांस आणि स्वतःस रसिक म्हणविणाऱ्या सर्वांस आमचें सांगणें इतकेंच आहे. बाजारांत जा, आणि पाहुण्यासारखे नव्हे, रोजचे म्हणून जा. कारागिराचें नांव विचारा, त्याच्या शेजारीं बसून चहा घ्या, वस्तु वापरा, ती झिजली कीं पुन्हां त्याच्याकडेच या. आणि ज्या हातांना कलावंताचे हात म्हणतां, त्यांच्याशीं चार पैशांसाठीं घासाघीस करूं नका. कारागिरास सत्काराची शाल नको आहे असें नाहीं. परंतु शालीवर चूल पेटत नाहीं.