फाईल कितव्यांदा वापरताय, हे विचारा

“मशीननं करणार की हातानं?” रूट कॅनॉल करावं लागेल म्हटलं की पेशंट आधी हेच विचारतात. मशीन म्हणजे भारी, हातानं म्हणजे जुनाट, हा समज पक्का बसलाय. पंचवीस वर्षं मी कराडात हे काम करतोय. माझ्या मते विचारायचा प्रश्न वेगळा आहे.

खालच्या पहिल्या दाढेचं पुढचं मूळ बहुधा मागे वळलेलं असतं. मूळ आतून साफ करायची दहा नंबरची, जांभळ्या मुठीची स्टीलची फाईल टोकाला जेमतेम 0.10 मिलिमीटर, त्यामुळे ती वळणाबरोबर वळते. पंचवीस नंबरची लाल फाईल मात्र सरळ व्हायला बघते आणि वळणाची बाहेरची भिंत खरवडते. तिथे पायरी पडते, खालची वाट हरवते, घाण आतच राहते.

निकेल-टायटॅनियमनं हे दुखणं बरंच कमी केलं. 1988 साली अमेरिकेत वालिया आणि सहकाऱ्यांनी दात सरळ करायच्या तारेतून या धातूच्या पहिल्या फाईली घडवल्या. तेवढ्याच मापाच्या स्टीलपेक्षा त्या दोन-तीन पट लवचीक निघाल्या. वाकड्या मुळात दहा नंबरनं हातानं वाट चाचपून झाली की मीही या धातूच्या फाईलीचं मशीनच लावतो.

पण स्टीलची फाईल मोडण्याआधी बहुतेकदा तिचा पीळ सुटलेला दिसतो. निकेल-टायटॅनियमची फाईल तसा इशारा देईलच असं नाही. मिनिटाला 300 फेरे म्हणजे वळणावर सेकंदाला पाच वेळा तिची प्रत्येक बाजू ताणली जाते आणि दबते. धातू थकतो, डोळ्याला काहीच दिसत नाही. एका पोस्टमनकाकांच्या दाढेत माझ्या हातून असाच तुकडा राहिला. ती फाईल आधी चार दाढांत फिरली होती. एक्स-रे त्यांच्यापुढे धरून मी म्हणालो, “काका, फाईल आत मोडलीय.” ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आधी किती जणांना वापरलेली?”

आता उष्णता-प्रक्रिया केलेल्या फाईली मिळतात. त्या वाकवल्या तशा राहतात, थकव्यापुढे जास्त तग धरतात. महागही असतात, म्हणून पुन्हा वापरायचा मोह होतो. कित्येक पाकिटांवर काट मारलेला दोनचा आकडा छापलेला असतो. त्याचा अर्थ, दुसऱ्यांदा वापरू नका. मशीनचे म्हणून जादा पैसे घ्यायचे आणि फाईल मात्र मोडेपर्यंत फिरवायची, हा पेशंटवर अन्याय आहे. मूळ फार वाकडं असेल तर फाईल कोरीच हवी आणि तिचा खर्च आधी सांगायला हवा.

माझ्या केसपेपरवर आता दोन रकाने जास्त आहेत: मुळाचं वळण किती अंश आणि फाईल कितव्यांदा. खाली पेशंटची सही घेतो. काकांचा केसपेपर अजून कपाटात आहे. त्यावर हे रकाने नाहीत.