रेडिओवर तक्रार सांगितली, नोंद कुठे झाली?

रेडिओवरचा थेट फोनचा कार्यक्रम आपण सगळेच ऐकतो. विषय उसाचा असो की कांद्याचा, तिसऱ्या-चौथ्या फोनला गाडी रोजच्या दुखण्यावर येतेच. डीपी जळालाय, सातबाऱ्यावर नाव चुकलंय, ओढ्यावरचा पूल वाहून गेलाय. समोर बसलेला अधिकारी म्हणतो, "संबंधितांना कळवतो." फोन कट होतो आणि गाणं लागतं.

फोन करणाऱ्याला हसू नका. कचेरीत तीन खेपा घालून उत्तर न मिळालेला माणूसच रेडिओला फोन लावतो. तिथं निदान कुणी मध्येच तोडत नाही आणि सारा जिल्हा ऐकतो. पण रेडिओवर बोललेलं म्हणजे अर्ज नव्हे. त्याला आवक क्रमांक नसतो, त्यामुळे कुणावर बंधनही येत नाही.

हे पुण्याला नवीन नाही. पुणे आकाशवाणी 1953 साली सुरू झाली आणि 1956 मध्ये युनेस्कोच्या मदतीने तिने शेतकरी रेडिओ मंडळांचा प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतील दीडशे गावांत, गावागणिक वीसेक माणसं रेडिओभोवती बसत. कार्यक्रम ऐकायचा, चर्चा करायची, शंका आणि ठरलेलं काम लिहून केंद्राला पाठवायचं. पुढच्या प्रसारणात उत्तर येई. प्रयोगाची पाहणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केली आणि पुढे हीच पद्धत देशभर नेली गेली. तेव्हा गावात फोन नव्हता, तरी तक्रार गटाची होती आणि कागदावर होती. आज खिशात मोबाईल आहे, पण जो तो एकटाच बोलतो. माझ्या मते खरी गोम इथंच आहे.

विजेचंच घ्या. शेतीला थ्री फेज वीज पाळीने मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात रात्री बारे द्यायला जायचं म्हणजे बिबट्याच्या वाटेवर जायचं. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यात पिंपरखेडला माणसं गेली, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले आणि दिवसा विजेची मागणी गाजली. दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 पासून आहे आणि 2023 ला तिचा दुसरा टप्पाही आला. मग आपल्या फीडरचा नंबर कधी? फोनवर "आमच्याकडं लाईट नसते" एवढंच सांगितलं तर याचं उत्तर कोण देणार? फीडरचं नाव, ग्राहक क्रमांक, कुठल्या तारखेला किती तास वीज गेली, हे आठ-दहा जणांनी वहीत मांडून सांगितलं तर अधिकाऱ्याला टोलवता येत नाही. आम्हा खात्यातल्या लोकांना मोघम प्रश्न फार आवडतात हो, उत्तरही मोघम देता येतं.

सातबाऱ्याचं तसंच. लिहिण्यातली चूक असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदारांकडे अर्ज द्यायचा, सोबत जुना उतारा आणि फेरफार जोडायचा. रेडिओवर याची कितीही दाद मागा, दुरुस्ती व्हायची ती त्या अर्जावरच.

अर्ज दिला की पोच घ्या. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली आहे. मुदत टळली तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं आणि कसूर ठरली तर पाचशे ते पाच हजार रुपये दंड आहे. ग्रामपंचायतीच्या फलकावर या सेवांची यादी आणि मुदत लावायची असते. सरपंच, ग्रामसेवक मंडळींनी आपला फलक एकदा वाचून पाहावा, काही ठिकाणी तो कपाटामागं गेलेला असतो. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कचेरीत लोकशाही दिन असतो. त्यासाठी अर्ज आधी द्यावा लागतो, ऐनवेळी गेलं तर हात हलवत परत यावं लागतं.

रेडिओवाल्यांनाही एक सांगणं आहे. आलेल्या तक्रारींची वही ठेवा आणि पंधरा दिवसांनी कोणत्या कचेरीने काय कळवलं ते वाचून दाखवा. उत्तर आलं नाही, तर तेही सांगा. कीड-रोगाचा प्रश्न असेल तर कार्यक्रमाच्या दिवसाची वाट पाहू नका. किसान कॉल सेंटरचा 1800-180-1551 हा फुकट नंबर सकाळी सहा ते रात्री दहा चालू असतो, आणि तिथं मराठीत बोलता येतं.