खेळाडू नोकर नको, पण बेवारसही नको

महाविद्यालयीन खेळाडूला विद्यापीठाचा नोकर मानावे काय, हा वाद अमेरिकेत माजला आहे. डार्टमथ येथील बास्केटबॉलपटूंना २०२४ च्या फेब्रुवारीत तेथील श्रममंडळाच्या प्रादेशिक अधिकाऱ्याने नोकर ठरविले. मार्चमध्ये त्यांनी १३ विरुद्ध २ मतांनी कामगार संघटना पत्करली. आणि वर्षअखेर संघटनेने आपला अर्ज मागे घेतला. तेथील मोठ्या विद्यापीठांना सामन्यांच्या प्रक्षेपणातून अमाप पैसा मिळतो. आमच्याकडे तसे उत्पन्न नाही. तेव्हा हा प्रश्नच आपला नव्हे, असे म्हणून जे हात झटकतात, त्यांच्याशी माझे भांडण आहे.

उत्पन्न नसेल, पण कीर्ती आहे ना? जबलपूरचे विद्यापीठ १९५६ साली स्थापन झाले. त्याच सुमारास आंतरविद्यापीठीय क्रीडास्पर्धांत श्रेष्ठ ठरणाऱ्या विद्यापीठासाठी मौलाना आझाद करंडक सुरू झाला. करंडक विद्यापीठाचा, मोडलेला गुडघा मात्र विद्यार्थ्याचा! ‘हौसेने खेळतो, मग हौसेची किंमत त्यानेच मोजावी,’ हे यावरचे ठरीव उत्तर. ते धूर्तपणाचे आहे. हौसेने खेळणारा मुलगा आळीतल्या मैदानावर खेळतो; विद्यापीठाने निवडून, आपले नाव छातीवर लावून परगावी धाडलेला मुलगा विद्यापीठाचेच काम करीत असतो. कामावर इजा झाल्यास भरपाई मालकाने द्यावी, हे तत्त्व या देशाने १९२३ च्या कायद्यानेच मान्य केले.

खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकीस जाता यावे म्हणून राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर ७,००० रुपयांना गहाण टाकले. त्या त्यागाचे गोडवे आपण अजून गातो. परंतु जेथे व्यवस्था नसते, तेथेच असा त्याग करावा लागतो, हे कोणी बोलत नाही. सर्वच विद्यार्थ्यांच्या नशिबी खर्डेकर कोठून येणार?

तथापि यावर नोकरी हा उपाय नव्हे. नोकरी म्हणजे काय, हे परमुलखी बदल्या सोसणाऱ्या आपल्यासारख्यांना कोणी शिकवावयास नको. पगार आला की वरिष्ठ आला, गोपनीय अहवाल आला आणि सामना हरताच बडतर्फीही आली. विद्यार्थ्याचा पहिला हक्क शिक्षणाचा. तो पगारापायी विकला जाऊ नये.

मागणी एवढीच: इजेचा संपूर्ण खर्च विद्यापीठाने सोसावा, स्पर्धेचे दिवस हजेरीत धरावेत आणि खेळ सुटला तरी शिष्यवृत्ती सुटू नये. सरकारी नोकराला राष्ट्रीय स्पर्धेसाठी विशेष नैमित्तिक रजा मिळते. विद्यार्थ्याला निदान एवढे मिळावे. आणि हे मेहेरबानी म्हणून नव्हे, तर गणवेश हाती देण्यापूर्वी लेखी करार करून!