खुणा जुळल्या, वेळ जुळली काय?

वडिलांची अँबॅसडर पुन्हा चालती करण्यासाठी इंजिन उघडलेल्या बडोद्याच्या एका वाचकांनी आम्हांस विचारले आहे, की नव्या रिंगा, नवी टायमिंग चेन आणि ग्राइंडिंग करून आणलेला कॅमशाफ्ट बसवताना टायमिंग निराळे तपासावे काय? मिस्त्रींच्या मते चेनच्या दोन्ही चाकांवरील खुणा समोरासमोर आणल्या की पुरे.

मिस्त्रींचे म्हणणे खोटे नाही. पण या इंजिनापुरते ते अपुरे आहे. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एक फेरी होते, आणि कोणता व्हॉल्व्ह केव्हा उघडावा हे तोच ठरवतो. लहान चाकास २० दाते असतील, तर एक दाता चुकणे म्हणजे क्रँकशाफ्टचे १८ अंश चुकणे होय. ही चूक खुणा पकडतात. चार-पाच अंशांची चूक मात्र त्यांना दिसत नाही. ती चाकाच्या चावीच्या खाचेत असू शकते किंवा ग्राइंडिंगच्या वेळी कॅमच्या उंचवट्यांत शिरलेली असते. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. हाती येणारा प्रत्येक भाग मूळ मापाचाच असेल असे आज गृहीत धरता येत नाही.

टायमिंग मागे पडले, तर आत घेणारा व्हॉल्व्ह उशिरा मिटतो. वेग कमी असताना आत आलेले मिश्रण काहीसे परत ढकलले जाते, दाब कमी भरतो आणि गाडी चढावर ओढत नाही. मग दोष कार्बोरेटरला दिला जातो आणि खर्च वाढत राहतो.

तपासणी अवघड नाही. क्रँकशाफ्टच्या टोकास ३६० अंशांची तबकडी लावावी. पहिला पिस्टन नेमका वर केव्हा येतो हे डोळ्यांनी ठरवू नये, कारण तेथे काही अंशांपर्यंत तो जवळजवळ हलतच नाही. दोन्ही दिशांनी तो एकाच अडणीवर थांबवावा व दोन आकड्यांचा मध्य घ्यावा. मग टॅपेटवर डायल गेज ठेवून, चढताना व उतरताना सारख्याच उंचीचे दोन बिंदू टिपावेत. त्यांच्या मध्याशी कॅमचा माथा येतो. तो आकडा त्या कॅमशाफ्टच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहावा. शेवटी इंजिन हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवावे. कोठेही अडकले तर जोर लावू नये.

कॅमशाफ्ट, चाके व चेन मूळचीच असून सुस्थितीत असतील, तर खुणा व या दोन फेऱ्या बहुधा पुरेशा ठरतात. यांपैकी एकही वस्तू बदलली असेल, तर मात्र तबकडी लावलीच पाहिजे. तबल्याचे बोल अचूक असूनही सम चुकली तर मैफल बिघडते, तसेच हे आहे. झाकण बसवण्यापूर्वीचा एक तास मिस्त्रींकडून आदराने मागून घ्यावा; पुढे रेडिएटर उतरवून तेच झाकण पुन्हा उघडण्यापेक्षा तो खचितच स्वस्त पडेल.