राक्षसाला भोकरदनचा पत्ता द्या

आपल्या वार्षिकांकात प्रेमकवितांचे पीक दरसाल चांगले येते. दुष्काळ असतो तो बालवाङ्मयाचा. मुलांसाठी लिहिणे म्हणजे हात बसण्याआधीचे गिरवणे, अशी आपली एक समजूत आहे. मग ज्ञानपीठविजेते विंदा करंदीकर पिशी मावशीच्या भुतावळीत एवढे का रमले असतील?

माझी तक्रार मात्र जरा निराळी आहे. मराठीत अद्भुत आहे, विनोदही आहे. पण सहावी-सातवीच्या वाचकाला दोन्ही एकत्र, आणि तेही ऐसपैस कादंबरीत, फार थोडे मिळते. रत्नाकर मतकरींनी 'अलबत्या गलबत्या' आणि 'निम्मा शिम्मा राक्षस' लिहिले, ती नाटके. दिलीप प्रभावळकरांची चेटकीण पाहून मुंबईची पोरे खदखदून हसली. जाफराबादच्या पोराने नाटक पाहायचे कुठे? पुस्तक निदान एस.टी.ने तरी येते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मूळचा फुरसुंगीचा, आणि त्याच्यामुळे ते गाव महाराष्ट्रभरच्या मुलांना ठाऊक झाले. पण फेणे पडला साहसवीर. त्याच्या वाटेला राक्षस येत नाहीत. 'चांदोबा'त राक्षस पुष्कळ, पण कुठल्याशा नगरीतले, बिनपत्त्याचे. तो अंकही बंद पडला. पुढे हॅरी पॉटर मराठीत आला, तोही आगगाडीत बसून विलायतेतल्या शाळेला जाणारा.

विनोदी अद्भुताला खरा पत्ता लागतो, असे माझे स्पष्ट मत आहे. राक्षस नुसता आला तर भीती वाटते. तोच भोकरदनच्या स्टँडवर सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी हुज्जत घालू लागला की हसू फुटते. अंबडची मत्स्योदरी देवी ज्या टेकडीवर आहे ती माशाच्या आकाराची, असे म्हणतात. हा मासा २०१२-१३च्या दुष्काळात जागा होऊन टँकरच्या रांगेत घुसला असता तर? "माघं सर, नंबर आमचा हाय," म्हणून बायकांनी त्याला घागरी दाखवल्या असत्या. अशा गोष्टीत दुष्काळही येतो, पण निबंधातल्यासारखा रडत येत नाही. पाण्यापायी शाळा बुडवणाऱ्या मुलीलाही ती वाचावीशी वाटेल.

बोलीभाषेने मुलांचे मराठी बिघडेल, अशी शंका आमचे सर काढतीलच. तर राक्षसाला खुशाल प्रमाण मराठी बोलू द्यावे. अख्ख्या गावात तोच एक तसा बोलणारा, म्हणून पोरे त्याला आणखी हसतील!

मित्रहो, सुटीत गावी गेलात की आजीकडून भुतांची यादी तेवढी उतरवून आणा. कोणते कुठल्या विहिरीत राहते, आणि कोणते रात्री तंबाखू मागते, हे तिला पाठ असते.